मुरुमाच्या वाटेने सायकलवर

साताऱ्याहून सांगलीला मोटारीने जायला आज अडीच-तीन तास पुरतात. रस्ता रुंद आहे, मधे दुभाजक आहे, आणि कराड केव्हा आले नि केव्हा मागे पडले हे डुलकी घेणाऱ्याला कळतसुद्धा नाही. पण गाडीतून उतरलेल्या माणसाला विचारा, की बाबा रे, वाटेत काय पाहिलेस? तो आठवून आठवून सांगेल: हॉटेलांच्या पाट्या, पेट्रोलपंप आणि पुढच्या ट्रकची पाठ. यात त्याचा दोष नाही. वेगाचा रस्ता माणसाला पोहोचवण्यासाठी असतो, दाखवण्यासाठी नसतो.

याच दोन शहरांच्या मधे दुसरीही एक वाट आहे. ती एकसंध नाही, तुकड्यातुकड्यांची आहे. कुठे उसाच्या फडांमधली पाणंद, कुठे खडी पसरून ठेवलेला आणि डांबराची वाट पाहणारा रस्ता, कुठे खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या जुन्या कृष्णा कालव्याच्या कडेची मुरुमाची पट्टी, तर कुठे डोंगराच्या कुशीतली गाडीवाट. या वाटांवर मोटार हैराण होते आणि पायी चालणारा थकतो. तिथे राज्य चालते ते सायकलीचे. या वाटांनी सायकलवर कसे जावे, गेल्यावर काय दिसते, आणि जे दिसते ते टिकावे म्हणून आपण काय करावे, एवढे तीन मुद्दे आज मांडायचे आहेत.

आधी थोडे परमुलखाविषयी. फ्रान्स देशात अशा आडवाटांच्या सायकलसफरीला फार मान आहे. त्या देशाच्या बर्गंडी प्रांतात मोर्व्हाँ नावाचे दाट जंगल आहे. आसपास व्हेझले गावच्या टेकडीवरचे बाराव्या शतकातले चर्च आहे, फाँतने येथे १११८ साली स्थापन झालेला मठ आहे. तिथले लोक मुद्दाम डांबरी रस्ता सोडून खडीच्या वाटेने अशा ठिकाणी जातात. गेल्या काही वर्षांत या प्रकाराला इतके भरते आले आहे, की २०२२ सालापासून खडीच्या रस्त्यावरच्या सायकलशर्यतीचे जागतिक अजिंक्यपदही सुरू झाले.

पण या छंदाचे मूळ जुने आहे. पॉल द विव्ही नावाचा एक गृहस्थ १८५३ साली जन्मला आणि १९३० साली वारला. सेंत-एतिएन गावी त्याने सायकलींचे दुकान घातले, सायकलींविषयीचे मासिक चालवले आणि डोंगरात भटकण्याचा वसा जन्मभर पाळला. चढावर सोपे जावे म्हणून सायकलीला बदलते गिअर असावेत, हा त्याचा आग्रह. त्या काळचे शर्यतवाले त्याला हसत. फ्रान्सच्या प्रसिद्ध देशप्रदक्षिणेच्या शर्यतीत साखळी बदलणाऱ्या गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ साली, म्हणजे हा गृहस्थ गेल्यावर सात वर्षांनी! सायकलस्वारासाठी त्याने काही नियम सांगितले होते. त्यांचा मथितार्थ असा: थांबावे कमी आणि थोडे, भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी कधी पायडल मारू नये. हा शेवटचा नियम आमच्या तरुणांनी पाठ करण्यासारखा आहे.

आता कोणी म्हणेल, "अहो, त्या परदेशी सायकली लाखाच्या घरातल्या. आमच्या दारची काळी सायकल ती काय!" तर मंडळी, इथे एक गंमत सांगतो. खडीच्या रस्त्यासाठी म्हणून ज्या नव्या सायकली निघाल्या आहेत, त्यांच्या टायरची रुंदी साधारण चाळीस मिलिमीटर असते. आणि आपल्या पोस्टमनची, दूधवाल्याची, शाळामास्तरांची जी अठ्ठावीस इंची काळी सायकल, तिच्या टायरची रुंदी दीड इंच, म्हणजे जवळजवळ तेवढीच! फरक आहे तो वजनात, गिअरमध्ये आणि ब्रेकमध्ये. आपली सायकल जड आहे, चढावर तिच्यावरून उतरावे लागते, उतारावर जपावे लागते. पण खडीवरून आणि मुरुमावरून जायला लागणारे चाक आपल्या आजोबांच्या वेळेपासून आपल्या घरी आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय!

सायकलीचे आणि या मुलखाचे नाते तसे जुनेच म्हणायचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू यांनी १८८८ साली बेळगावात दुकान काढले ते सायकलींचे. पुढे नांगर आले, मोट आली, कारखाना आला, आणि १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हते तिथून लोखंडी नांगर देशभर गेले. पण त्या उद्योगाचे पहिले चाक सायकलीचे होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

आता प्रत्यक्ष वाटेकडे वळू. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली जमीन तीन तऱ्हेची. नदीकाठी काळी, माळावर मुरमाड, आणि पश्चिमेच्या उंच पठारांवर तांबडा जांभा. काळ्या मातीच्या पाणंदीत पावसाळ्यात सायकल घालू नये. चार वाव गेलात की चिखल चाकात आणि मडगार्डात बसतो, चाक फिरायचे थांबते, आणि मग सायकल तुम्हाला नेण्याऐवजी तुम्ही सायकल खांद्यावर नेता. मुरुमाची वाट मात्र पाऊस ओसरला की दोन दिवसांत घट्ट होते. म्हणून दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचा काळ या सफरींना उत्तम. ऊन सोसवते, ओढ्यांना पाणी असते, शिवार भरलेले असते. माघ-फाल्गुनात सांगलीकडे हळद शिजते तेव्हाचा तो वास मोटारीच्या काचेतून येत नाही, तो सायकलवाल्यालाच मिळतो.

मुरुमावर सायकल चालवण्याची एक रीत आहे. हवा रोजच्यापेक्षा किंचित कमी ठेवावी, म्हणजे चाक खड्यावरून उसळत नाही. हँडल घट्ट आवळून धरू नये. हात सैल, कोपर थोडे वाकलेले. सुटी खडी दिसली की ब्रेक आधी दाबावा, खडीवर दाबू नये. नुसता पुढचा ब्रेक दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो, हे लक्षात असू द्या. गाडीवाटेला दोन चाकोऱ्या असतात, त्यांतली एक धरावी, मधल्या गवताच्या पट्टीवर जाऊ नये, कारण तिथे काटे असतात.

आणि काटा हा आपल्याकडचा खरा शत्रू! फ्रान्समधल्या पुस्तकात बाभळीच्या काट्याचा उपाय सापडणार नाही, तो आपल्या गावच्या सायकलमिस्त्रीकडेच सापडेल. ट्यूब ठिगळ लावून बसवली आणि मैलभर गेल्यावर पुन्हा बसली, असे पुष्कळांचे होते. कारण काट्याचे टोक टायरात तसेच राहिलेले असते. तेव्हा ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून एक जुने फडके फिरवावे. टोक असेल तिथे फडके अडकते. मग ते चिमट्याने काढावे. एक पंप, ठिगळाचे साहित्य, दोन पाने आणि हे फडके एवढी शिदोरी बरोबर असली म्हणजे झाले. भाकरीची शिदोरी वेगळी, ती सांगायला नको. पाणी मात्र दोन बाटल्या असावे.

साखर कारखाने चालू असतात त्या दिवसांत आणखी एक पथ्य पाळावे. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात. वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला येते. तिच्या आणि बांधाच्या मधे सायकल घालू नये. खाली उतरावे, ट्रॅक्टर जाऊ द्यावा, चार कांडी ऊस पडला तर तो आपला समजावा!

वाटा तीन सांगतो. पहिली साताऱ्याच्या उत्तरेची. साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर लिंब हे गाव आहे. तिथल्या शेरी भागात बारा मोटेची विहीर आहे. शाहू छत्रपतींच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाई भोसले यांनी ती बांधवली. विहीर वरून पाहिली तर शिवलिंगाच्या आकाराची दिसते. खोली सुमारे ११० फूट, व्यास सुमारे ५० फूट. नाव बारा मोटेचे असले तरी मोटेच्या जागा पंधरा आहेत. आंबराईला पाणी देण्यासाठी ती बांधली असे सांगतात. दोन भागांच्या मधे दगडी पुलासारखी जागा आणि त्यात बसायचे दालन आहे. बाहेर रणरणते ऊन आणि आत गारवा. राजाने दुष्काळ हटवायचा तो दगड आणि पाणी यांची सांगड घालून, हे त्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना उमगते. महामार्गावरून रोज हजारो गाड्या जातात. त्या माणसांना उजव्या-डाव्या हाताला काय आहे याचा पत्ताही नसतो.

त्याच अंगाला, चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याशी, वाई तालुक्यात किकली गाव आहे. तिथे भैरवनाथाचे यादवकालीन देऊळ आहे, त्याचे कोरीव खांब पाहण्यासारखे आहेत. पण किकलीचे खरे वैभव म्हणजे वीरगळ. लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. आपल्या भागात असे दगड गावोगावी आहेत, आणि बहुतेकांना ते वाचता येत नाहीत. वाचणे अवघड नाही. पुस्तक वरून खाली वाचतात, वीरगळ खालून वर वाचावा. सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गाई कोरल्या असतील तर तो गुरे सोडवताना पडला असे समजावे. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना. आणि सर्वांत वर तो वीर शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे जोवर हे दोघे आहेत तोवर याची कीर्ती राहो. राजाचे नाव ताम्रपटात असते. पण गावची गुरे वाचवताना मेलेल्या साध्या शेतकऱ्याचा इतिहास या दगडावर आहे. बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नसते. म्हणून तर ते आपले सर्वांचेच पूर्वज.

दुसरी वाट कराडच्या उत्तरेची. समर्थ रामदासस्वामींनी सतराव्या शतकाच्या मध्यास अकरा मारुती स्थापन केले, हे आपण शाळेत शिकलो. हे अकरा मारुती म्हणजे सायकलस्वाराला आयती आखून दिलेली सफर आहे. त्यांपैकी सात सातारा जिल्ह्यात: शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन. सांगली जिल्ह्यात दोन: बहे आणि शिराळा. उरलेले दोन, मनपाडळे आणि पारगाव, कोल्हापूर जिल्ह्यात. नवख्याने एकदम अकराचा हट्ट धरू नये. आधी साताऱ्याचे सात करावेत, तेही दोन दिवसांत. पहिल्या दिवशी मसूर आणि शहापूर. दुसऱ्या दिवशी उंब्रजवरून माजगाव, चाफळ आणि शिंगणवाडी.

उंब्रज हे कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरचे गाव. तिथली मूर्ती चुना, वाळू आणि ताग यांची आहे. शहापूरच्या मारुतीलाही लोक चुन्याचा मारुती म्हणतात. माजगावची गोष्ट न्यारीच. तिथे गावाच्या वेशीवर घोड्याच्या आकाराचा एक धोंडा होता, गावकरी त्यालाच मारुती मानत; समर्थांनी त्यावरच मारुतीचे रूप कोरवून घेतले असे सांगतात. हे ऐकल्यावर मनात येते, की हा मोठा माणूस गावोगाव हिंडला तो चांगल्या रस्त्यांनी नव्हे. जिथे गाव, तिथे तरुण. जिथे तरुण, तिथे बलोपासना. हा त्या वाटांचा हिशेब होता. चाफळच्या राममंदिराला ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात हानी पोचली, आणि नंतर ते नव्याने उभे राहिले. त्या पहाटेची आठवण पाटण खोऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ अजून आहे. सायकल भिंतीला टेकवून पारावर बसलात, की "कुठनं आलासा?" असा प्रश्न येतोच. "साताऱ्यास्नं? सायकलवर? मग च्या घ्या की!" आणि चहाबरोबर त्या पहाटेची हकीकतही मिळते. मोटारीने आलेल्याला कोणी असे विचारत नाही.

कराडजवळ तळबीड गाव आहे, सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचे. त्याच्या माथ्यावर वसंतगड आहे. शिलाहार राजा भोज याच्या वेळचा हा किल्ला. १६५९ साली तो शिवाजी महाराजांनी घेतला आणि १६९९ साली औरंगजेबाने. तळबिडात सायकली ठेवाव्यात आणि गड पायी चढावा. चढवता येते तिथेही सायकल चढवू नये. जुन्या पायऱ्यांवर चाके घालणे हा पराक्रम नव्हे. कराडच्या दुसऱ्या अंगाला काले गाव आहे. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला तो याच गावी. शिक्षकांना यापेक्षा मोठे तीर्थ कोणते सांगू?

तिसरी वाट सांगली जिल्ह्यातली, आणि ती जंगलाची. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, जन्म १२ मार्च १९१३. त्याला लागून सागरेश्वराचे पुरातन देऊळ आणि भोवती लहान देवळांचा समूह आहे. आणि वरच्या डोंगरावर आहे सागरेश्वरचे अभयारण्य. श्रोतेहो, हे रान निसर्गाने आपण होऊन दिलेले नाही. एके काळी हे उघडेबोडके डोंगर होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबतच्यांनी झाडे लावली, जगवली, चराई थांबवली, आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र पुरते अकरा चौरस किलोमीटरही नाही, १०.८७ आहे. पण माणसाने मनावर घेतले तर माळाचे रान होते, याचा हा धडा. तिथे आज चितळ आणि सांबर आहेत. मिरज तालुक्यात दंडोबाच्या डोंगरावरही खडकात कोरलेले महादेवाचे देऊळ आहे आणि वनखात्याने राखलेली झाडी आहे. मिरज-पंढरपूर रस्ता सोडून त्या बाजूला वळले, की द्राक्षबागांमधून मुरुमाची वाट डोंगराकडे जाते.

मात्र जंगलाची गोष्ट निघाली म्हणून एक ताकीद. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या आत मनाला येईल तसे सायकल घेऊन शिरण्याची परवानगी नाही, आणि नसावी हेच बरोबर. ते रान वाघाचे, गव्याचे, अस्वलाचे. शिवाय त्या रानात एके काळी गावे होती. धरणासाठी आणि उद्यानासाठी त्या माणसांनी आपली घरे, शेते, देवळे सोडली. ज्या जमिनीवरून तिथल्या माणसालाच उठावे लागले, तिथे आपण मौजेसाठी धुडगूस घालावा हे शोभत नाही. वनखात्याच्या नाक्यावर विचारावे, नियम पाळावेत, ठरलेल्या ठिकाणापर्यंतच जावे. आणि उसाच्या पट्ट्यातही अंधार पडण्याआधी गावात यावे. बिबट्या आता उसात राहू लागला आहे. तो सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, पण सांजवेळी बांधावर वाकून पंक्चर काढणारा माणूस त्याला माणूस वाटेलच असे नाही.

आता शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा. या वाटांवर जे आहे ते राहणार आहे का?

वीरगळांची स्थिती पाहा. कुठे त्यावर कपडे धुतात, कुठे तो गोठ्याच्या पायरीला लागला आहे, कुठे रस्ता रुंद करताना यंत्राने उचलून नाल्यात टाकला आहे. दुसरीकडे भक्ती इतकी, की देवळाच्या कोरीव खांबांवर दरवर्षी तैलरंगाचा एक हात! सातशे-आठशे वर्षांच्या पानाफुलांची नक्षी गुळगुळीत होऊन जाते. रंग देणाऱ्याच्या मनात पाप नसते. पण रंगाखाली नक्षी बुजते ती बुजतेच. तसेच पाणंदींचे. दोन्ही बाजूंचे बांध हळूहळू आत सरकतात, गाडीची वाट पायवाट होते, आणि पुढच्या पिढीला तिथे वाट होती हेही ठाऊक नसते. रस्त्याकडेचे वड-पिंपळ तर आपल्या डोळ्यांदेखत गेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सायकलवाल्याला मुरूम आवडतो म्हणून शेतकऱ्याने जन्मभर चिखल तुडवावा, असे मी म्हणत नाही. पावसाळ्यात दूध डेअरीला जायला हवे, ऊस फडातून निघायला हवा, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला हवे. २०२१ साली शासनाने शेतरस्ते आणि पाणंदी यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली ती याच गरजेपोटी. रस्ता झालाच पाहिजे. पण रस्ता करताना वाटेतला दगड काय आहे हे आधी पाहावे, तो कोरीव असेल तर चार माणसांनी उचलून देवळाच्या आवारात उभा करावा, झाड वाचत असेल तर हातभर वळण घ्यावे. याला फार पैसा लागत नाही. लागते ती ओळख. ज्याला वीरगळ वाचता येतो तो त्याच्यावर धुणे आपटत नाही. अज्ञानाने जेवढे मोडले आहे तेवढे शत्रूने मोडले नसेल.

आणि ही ओळख करून देणार कोण? इथे मी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना हाक घालतो. शाळेची सहल म्हणजे लांबचा बसप्रवास, असे समीकरण झाले आहे. ज्या मुलाच्या वडिलांना सहलीची वर्गणी झेपत नाही तो घरी राहतो. त्याऐवजी वर्षातून एक सहल सायकलीची काढा. पंधरा-वीस मुलेमुली, जाऊन-येऊन वीस-पंचवीस किलोमीटर, पुढे एक शिक्षक, मागे एक शिक्षक. पालकांची परवानगी आणि मुख्याध्यापकांची मंजुरी आधी घ्यावी. ब्रेक आदल्या दिवशी तपासावेत. महामार्ग टाळावा, ओलांडावा लागलाच तर उतरून ओलांडावा. ज्याच्याकडे सायकल नाही त्याला गावातून एक मागून द्या. हाफ पायडल मारत शिकलेली मुलेसुद्धा मुरुमावर मागे राहत नाहीत. मुलींना तर जरूर न्या. आपल्या गावाच्या शिवेपलीकडे स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या हिमतीने जाता येते, हे मुलीला एकदा कळले की ते ती विसरत नाही.

सहलीत प्रत्येकाच्या हातात एक वही असावी. गावाचे नाव, दगड कुठे उभा आहे, उंची किती विती, किती चौकटी, कोणत्या चौकटीत काय, अक्षरे आहेत का, गावची वडीलधारी माणसे त्याविषयी काय सांगतात, एवढे लिहावे. हातातल्या मोबाइलवर छायाचित्र काढावे, पण सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. भर दुपारी झिजलेली अक्षरे दिसत नाहीत, तिरप्या उन्हात त्यांना सावली येते आणि ती उठून दिसतात. अक्षरांत खडू, तेल, हळद काही भरू नये. दगड हलवू नये. काही विशेष दिसले तर ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याला पत्र लिहावे. ते पत्र मुलांनी लिहावे आणि मास्तरांनी फक्त शुद्धलेखन पाहावे. इतिहास, भूगोल, मराठी आणि नागरिकशास्त्र हे चारही तास एका सकाळीत होतात.

अशी एकेक वही एकेका शाळेत जमत गेली, तर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या दगडांची आणि वाटांची मोजदाद दहा वर्षांत मुलेच करतील. उद्या रस्त्याचे काम निघाले, की सरपंचाला दाखवायला काहीतरी लेखी असेल: इथे हा दगड आहे, इथे ही वाट आहे, इथे हे झाड आहे. मोजलेली वस्तू सहजासहजी हरवत नाही.

तेव्हा श्रोतेहो, येत्या रविवारी सायकलीत हवा भरा, साखळीला दोन थेंब तेल सोडा. लांब जायला नको. शेजारच्या गावचे देऊळ, त्यापुढचा पार, पाराजवळचा दगड, एवढे पाहून या. जाताना डांबरी रस्त्याने गेलात तर येताना पाणंदीने या, आणि वाटेत जो माणूस बैलाला पाणी पाजत असेल त्याला विचारा, की ही वाट पूर्वी कुठे जात होती. तो सांगेल.